लिंक आली आहे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो. ‘तुमच्या क्षेत्रावर लिहा, पण सोपं लिहा,’ ते म्हणाले. नेटवर्कच्या स्विचवर लिहितो म्हटलं, तर पलीकडून काळजीचा सूर आला, ‘बटणांवर किती लिहिणार?’ बावीस वर्षं या धंद्यात काढली. नातेवाईक अजूनही पंखा बंद पडला की मलाच बोलावतात.

तर आमचा स्विच म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या संगणकांच्या केबली जिथे येऊन मिळतात तो चपटा डबा. तो इंटरनेट देत नाही. (संपादकांना विनंती, हे वाक्य ठळक छापा.) त्याचं काम सोसायटीतल्या नव्या वॉचमनचं. कोण कोणत्या दारातून बाहेर पडतं ते बघत बघत कोण कुठे राहतं हे तो शिकतो. अनोळखी नावाचं पाकीट आलं, तर ते आलं ते दार सोडून बाकी सगळ्या दारांवर थाप मारतो. आणि पाच मिनिटं कुणाची हालचाल दिसली नाही, की बहुतेक स्विच त्याला विसरूनही जातात.

लोकांच्या लेखी आजार एकच, ‘नेट गेलंय’. आम्हाला त्यात पन्नास दिसतात. नवा स्विच बसवला की हमखास येणारी तक्रार घ्या. संगणक सुरू केला, दिवा लागला, पण पत्ता मिळाला १६९.२५४ ने सुरू होणारा. म्हणजे पत्ता वाटणाऱ्या यंत्राकडून उत्तर आलं नाही आणि संगणकाने स्वतःच काहीतरी घेऊन टाकलं. कारण पुष्कळदा साधं असतं. केबल चुकून गोल फिरून त्याच जाळ्यात परत आली, तर तीच पाकिटं फिरत राहून सगळं जाळं गुदमरतं. म्हणून स्विच नव्या जोडणीकडे आधी पंधरा सेकंद नुसता ऐकतो, मग पंधरा सेकंद शिकतो, तेव्हा कुठे वाट मोकळी करतो. तेवढ्यात संगणकाचा धीर सुटलेला असतो. ही युक्ती रेडिया पर्लमन या बाईंची, १९८५ ची. ती वैतागून बंद करणारे महाभाग मी पाहिले आहेत. अर्थात तिलाही मर्यादा आहेत. २००२ च्या नोव्हेंबरात बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकोनेस रुग्णालयाचं जाळं त्या ओलांडल्यामुळे कोलमडलं आणि डॉक्टर काही दिवस कागद-पेनावर आले.

पण लिहायचं आहे ते दुसऱ्याच प्रकरणाबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेने वर मजला चढवला आणि कर्जविभाग तिकडे नेला. खालचा जुना स्विच मीच बसवलेला. वर नवा बसवला, दोघांत एक केबल टाकली. दोन्हीकडे दिवे लागले. ‘लिंक आली, साहेब,’ केबलवाला पोरगा म्हणाला. पिंग मारून, म्हणजे चाचणीची छोटी पाकिटं पाठवून पाहिलं, एकही पाकीट हरवलं नाही. आम्ही चहा घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांचा फोन. कर्जदाराची कागदपत्रं स्कॅन करून पाठवायला गेलं की चाक फिरतच राहतं. मी गेलो, खालच्या स्विचचे आकडे उघडले. सीआरसीच्या चुका धडाधड वाढत होत्या. सीआरसीची चूक म्हणजे पाकीट वाटेत फाटलं, आणि पाकीट फाटलं म्हणजे केबल खराब, असं आमच्या धंद्यात लहान पोरही सांगेल. पोराने टेस्टर लावून दाखवला, आठही दिवे ओळीने लागत होते. मी त्याला व्याख्यान दिलं. टेस्टर फक्त तार अखंड आहे का एवढंच सांगतो, जोड्या चुकीच्या पिळल्या असल्या तरी पास करतो. हे शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच ते जास्त लागतं. त्याने दोन्ही टोकं दोनदा क्रिंप केली. मग नवी केबल ओढायला लावली, उन्हात, गच्चीवरून. चुका तेवढ्याच.

संध्याकाळी वरच्या नव्या स्विचचे आकडे बघायचं सुचलं. तिथे वेगळाच रोग होता, उशिरा होणाऱ्या टकरी. आणि खालून आलेली केबल जिथे लागते त्या दारासमोर, आमच्या भाषेत पोर्टसमोर, लिहिलं होतं: शंभर, हाफ.

इथे थोडं तांत्रिक होणार, इलाज नाही. दोन यंत्रं जोडली की वेग किती आणि बोलणं एकेरी की दुहेरी, हे ती आपसात ठरवतात. एका बाजूला माणसाने ‘शंभर, फुल’ असं हाताने ठोकून ठेवलं, तर ती बाजू बोलणीच करत नाही. समोरच्याला वेग ओळखता येतो, दुहेरीपणा ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ, म्हणजे एकेरी, धरतो. घाटातल्या पुलासारखं आहे हे. एका टोकाचे ड्रायव्हर पूल दुपदरी समजून घुसतात, दुसऱ्या टोकाचे एकेरी समजून थांबतात. रात्री एखादीच गाडी असेल तर काही बिघडत नाही, तशी पिंग निघून जाते. सकाळी वर्दळ सुरू झाली की ठोकाठोकी. फुलच्या बाजूला त्या सीआरसीच्या चुका दिसतात, आणि त्या हुबेहूब खराब केबलसारख्या दिसतात.

हाताने ठोकायची ही सवय आली कुठून? १९९५ मध्ये शंभर मेगाबिटचं प्रमाण आलं तेव्हा सुरुवातीची कार्डं ही बोलणी धड करत नसत. त्या काळी ठोकणं शहाणपणाचं होतं. पुढे तांब्याच्या तारेवर गिगाबिट आलं, तिथे तर बोलणी सक्तीचीच. कोणाच्या घड्याळावर चालायचं तेही त्यातच ठरतं. तरीही ‘ऑटोवर विश्वास ठेवू नका’ असं छातीठोक सांगणारे सल्लागार अजून भेटतात. मी त्यांच्याशी भांडतो. चहा गार होईपर्यंत भांडतो. ठोकायचं तर दोन्ही टोकं ठोका, नाहीतर हात लावू नका.

खालच्या स्विचचा चोविसावा पोर्ट ‘शंभर, फुल’ ठोकलेला होता. पूर्वी तिथे इंटरनेटवाल्यांचा राउटर होता, त्यांच्या माणसाने तसं करायला सांगितलं होतं. राउटर गेला, पोर्ट रिकामा राहिला, सेटिंग राहिलं, आणि वरची केबल नेमकी त्यातच लागली. ठोकणारा मीच. कुठेही लिहून ठेवलं नव्हतं.

पोर्ट ऑटोवर टाकला. थोड्याच वेळात फायली पळायला लागल्या. मॅनेजर म्हणाले, ‘शेवटी नवीन केबलनेच काम झालं ना?’ मी हो म्हणालो. त्या पोराचे दुसऱ्या केबलचे पैसे मी माझ्या खिशातून दिले. कारण मात्र त्याला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत असा डबा असेल, तर पुढच्या वेळी येणाऱ्या माणसाला एवढंच सांगा: कोणत्या पोर्टवर काय बदललं आणि का, ते तारखेसकट कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटव. तो हसेल. तरी चिकटवून घ्या.