चिमटा

सायकलीच्या पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या भुजांना दुरुस्तीच्या दुकानात ‘चिमटा’ म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे. घंटी, बैठक, कॅरिअर यांच्याकडे कोणाचेही लक्ष जाते. चिमट्याकडे तो वाकल्याखेरीज कोणी पाहत नाही. अलीकडे डोंगरी सायकलींमुळे मात्र त्याला थोडा मान लाभला आहे. या सायकलींच्या चिमट्यात स्प्रिंगा बसविलेल्या असतात. दुकानासमोर उभी राहिलेली मुले हँडलावर भार देऊन तो खाली-वर होतो की नाही, हे आधी पाहतात. त्यांच्या भाषेत तो ‘शॉकअप’. ज्या सायकलीला शॉकअप नाही ती डोंगरी सायकलच नव्हे, असा त्यांचा ठाम समज असतो.

वाईहून धोम धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत असलेल्या एका वाडीत अशी एक सायकल होती. वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट दगडगोट्यांची. उसाच्या गाड्यांनी आणि ट्रॅक्टरांनी तिच्यात दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. या वाटेने आणि पुढे वाईपर्यंत, मिळून नऊ किलोमीटर, नववीत शिकणारी एक मुलगी रोज शाळेत जाई. सायकल तिला दादाने घेऊन दिली होती. शिरवळच्या एका कारखान्यात तो कामाला लागला, त्या वर्षी दिवाळीला हाती आलेले सगळे पैसे त्याने या एका वस्तूवर खर्च केले. घरात त्याहून निकडीच्या गरजा नव्हत्या असे नाही. आईने तसे बोलूनही दाखविले. परंतु दादाचे कारण निराळे होते. मुलगी लहान असताना तो तिला साध्या सायकलीच्या दांडीवर बसवून नेत होता. चाक चाकोरीत अडकले, दोघेही पडली आणि तिचे डावे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या प्रसंगाविषयी दादा पुढे कधी कोणाजवळ बोलला नाही. नवी सायकल अंगणात उभी करताना तो एवढेच म्हणाला, “हिला शॉकअप आहे. हाताला धक्के बसायचे नाहीत.”

त्यानंतर तीन पावसाळे गेले. सायकल गोठ्याच्या पडवीत उभी राही. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर गंज चढला, त्यांच्या रबरी टोप्या फाटल्या, आणि चिखलाचे पाणी आत उतरले. स्वस्त शॉकअप बहुधा उघडून साफ करण्यासाठी बनविलेलाच नसतो. तो चालेल तितके दिवस चालावयाचा. पुढचा ब्रेक दाबला की चिमटा ‘टक्’ असा आवाज करून हाले. वाईतील मिस्त्रींनी ब्रेक दाबून धरला, सायकल दोनदा मागे-पुढे केली आणि हात पुसत ते म्हणाले, “पोरी, हा चिमटा संपला. उतारावर दगा देईल.”

चांगला शॉकअप घ्यावा, तर त्याची किंमत अख्ख्या सायकलीच्या किमतीजवळ जाई. पुन्हा स्वस्त घ्यावा, तर दोन वर्षांनी हीच पाळी. मिस्त्रींनी तिसरा मार्ग सुचविला : स्प्रिंग नसलेला, ताठ, पोलादी चिमटा बसवावयाचा. मुलीला तो पटला. पण तिच्या पोटात गोळा आला. ज्या एका वस्तूसाठी दादाने ही सायकल निवडली, तीच काढून टाकावयाची! रात्री दादाचा फोन आला. अभ्यास, आईचा गुडघा, म्हशीचे दूध, सगळ्यांविषयी ती बोलली. चिमट्याविषयी बोलली नाही.

वस्तुतः ज्या डोंगरांत या सायकलीचा जन्म झाला, तेथे प्रथम तिला शॉकअप नव्हता. ते डोंगर अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात आहेत. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली हुडकून काढीत, ढकलीत डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने भरधाव खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी अशा एका उतारावर शर्यत लावली. त्या वाटेचे नाव ‘रिपॅक’. कारण एकदा खाली येईपर्यंत मागच्या ब्रेकमधील ग्रीस जळून जाई आणि तेथे नवे ग्रीस पुन्हा भरावे लागे. पुढच्याच वर्षी त्यांच्यापैकी जो ब्रीझ याने मुद्दाम डोंगरासाठी म्हणून सायकलीचा सांगाडा घडविला. त्याची ती पहिली सायकल आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तिचा चिमटा ताठ आहे. डोंगरी सायकलींसाठी शॉकअप विकावयास निघाले ते १९८९ च्या सुमारास. म्हणजे दहा-बारा वर्षे माणसे ताठ चिमट्यानेच डोंगर उतरत होती. अर्थात म्हणून शॉकअप निरुपयोगी ठरत नाही. चांगला, हवा आणि तेल भरलेला शॉकअप दगडांवर चाक जमिनीला धरून ठेवतो, ही त्याची मोठीच सेवा होय. खरी तक्रार आहे ती नावापुरत्या शॉकअपविषयी.

मिस्त्रींच्या दुकानामागे भंगाराचा ढीग होता. त्यात एक ताठ चिमटा सापडला. त्याच्या वरच्या दांड्याची जाडी तीच, २८.६ मिलीमीटर, ब्रेक बसविण्याचे खुंटही जागच्या जागी. तासाभरात काम झाले. सायकल हलकी झाली, आवाज थांबला, आणि मुलगी आनंदाने निघाली. परंतु पहिल्याच वळणावर तिला काही चुकल्यासारखे वाटले. शरीर पुढे घसरत होते, सगळा भार तळहातांवर येत होता, आणि हँडल वाजवीपेक्षा चटकन वळत होते. दुसऱ्या वळणावर आतल्या बाजूचे पायडल जमिनीला घासले आणि ती सायकलीसह कडेच्या गवतात पडली. पडताना तिने डावा हात छातीशी ओढून घेतला. कोपर मात्र सोलवटले. सायकल हातात धरून ती चालत परत आली.

मिस्त्रींनी सबब सांगितली नाही. “चूक माझी,” ते म्हणाले. “जाडी पाहिली, उंची पाहिली नाही.”

या उंचीतच सारे मर्म आहे. चाकाच्या आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतचे अंतर, ही ती उंची. सांगाडा घडविणारा हे अंतर धरूनच आपले कोन ठरवितो. ते कमी झाले की सायकल पुढून झुकते. साधारणपणे दर २० मिलीमीटरला एक अंश. त्याबरोबर पायडलांची जागाही खाली येते. आता शॉकअपच्या बाबतीत एक गंमत आहे. त्याची मोकळी उंची आणि स्वार बसल्यानंतरची उंची एक नसते. माणूस बसला की तो थोडा खाली दबतो, आणि सांगाड्याचे कोन त्या दबलेल्या स्थितीत बरोबर येतात. ताठ चिमटा तर दबणार नाही. तेव्हा त्याने शॉकअपच्या मोकळ्या उंचीइतके असून चालत नाही, आणि भंगारातल्या चिमट्याइतके आखूडही असून चालत नाही.

मिस्त्रींनी जुना शॉकअप तेवढ्यापुरता पुन्हा बसविला. आसापासून खांद्यापर्यंत मीटरपट्टी धरली : ४७० मिलीमीटर. मग चकचकीत नळीला तळाशी एक रबरबँड गुंडाळले आणि मुलीला हळूच बैठकीवर बसावयास सांगितले. ती उतरल्यावर पाहतात तो रबरबँड २५ मिलीमीटर वर सरकलेले. मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर वजाबाकी केली : ४४५. भंगारातला चिमटा मोजला, तो भरला ४००. साडेचार सेंटिमीटरांची ती तूट म्हणजे कोनात दोन अंशांहून अधिक फरक, आणि पायडले जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली. गवतात पडण्याचे कारण त्या पानावर अंकांत उतरले होते.

हव्या त्या उंचीचा पोलादी चिमटा पुण्याहून आला. मिस्त्रींनी तो शेजारच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला : सव्वा किलो. जुना ठेवला : अडीच किलो. वाणी म्हणाला, “एवढे लोखंड पोर रोज ढकलत होती?”

बसविण्याचे काम त्यांनी या वेळी सावकाश केले. जुन्या चिमट्याच्या दांड्याच्या बुडाशी जे पोलादी कडे घट्ट बसलेले असते, ते चारी बाजूंनी हलके ठोके देत उतरविले आणि नळीच्या तुकड्याने ठोकून नव्यावर सरळ बसविले. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, वाट्यांत नवे ग्रीस भरले. नव्या दांड्याची लांबी जास्त होती. तो कापावयाचा होता. तीनदा माप घेऊन मिस्त्रींनी करवत चालविली, कडा कानशीने साफ केल्या. दांड्याचे टोक वरच्या कड्याच्या तीन मिलीमीटर खाली राहिले पाहिजे, नाहीतर वरचे झाकण आवळत नाही. मुलीने झाकणाचा बोल्ट जोराने पिळू पाहिला, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. हा बोल्ट काही धरून ठेवीत नाही. छर्ऱ्यांतला ढिलेपणा काढणे एवढेच त्याचे काम. धरून ठेवतात ते बाजूचे दोन. पुष्कळांस हे ठाऊक नसते, आणि ते वरचाच पिळून छर्रे चेपून टाकतात. शेवटी ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे केली : आवाज नाही. पुढचे चाक उचलले : हँडल आपल्याच वजनाने अलगद एका बाजूला वळले.

पहिला आठवडा कठीण गेला. वाडीच्या वाटेवर प्रत्येक दगड हातांना कळू लागला. संध्याकाळी तळहात बधिर होत, आणि डावे मनगट जुनी आठवण काढी. मिस्त्रींनी पुढच्या टायरातील हवा ४५ पौंडांवरून ३५ वर आणली. “आता टायरच तुझा शॉकअप,” ते म्हणाले, “आणि कोपरे.” हळूहळू तिला उमगले. दगड दिसला की बैठकीवरून किंचित उठावे, कोपरे वाकलेली ठेवावीत, हँडल घट्ट आवळू नये. चाकोरीतून चाक कोठे वर काढावे हे पूर्वी तिने पाहिलेच नव्हते. आता ती दहा हात आधी पाहू लागली. मोठ्या दगडांच्या उतारावर ती पूर्वीपेक्षा सावकाश येई, हे खरे. पण चढावर उभे राहून पायडल मारताना पूर्वी थोडा जोर स्प्रिंग गिळून टाकी. तो आता सगळा चाकाला मिळू लागला. शाळेची घंटा होण्यापूर्वी पाणी पिण्याइतका वेळ उरू लागला.

दिवाळीला दादा आला तो रात्री उशिरा. सकाळी अंघोळी आटोपताच तो पडवीत गेला. मुलगी दारात उभी राहिली. त्याने सवयीने हँडलावर भार दिला. चिमटा हलला नाही. त्याने वाकून पाहिले, काही न बोलता सायकल बाहेर काढली आणि तो वाटेने निघून गेला. आई म्हणाली, “फराळाचे ताट वाढलेय, आणि हा गेला कुठे?”

अर्ध्या तासाने तो परतला. टायरच्या वर, चिमट्याच्या खांद्याखाली, चार बोटांची मोकळी जागा होती. तीत बोटे घालून त्याने विचारले, “ही जागा रिकामी का सोडली?”

“जुना चिमटा तेवढा उंच होता,” ती म्हणाली. “मी बसल्यावर जेवढा दबायचा, तेवढे वजा करून हा आणला. याहून आखूड बसवला तर सायकल बिघडते. मी पडले होते एकदा.”

दादाने तिचा डावा हात हातात घेतला. प्लास्टर काढल्याच्या दिवशी डॉक्टरांनी पाहिले होते तसे ते मनगट एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला वळवून पाहिले.

“दुखते?”

“पहिल्या आठवड्यात दुखले. आता नाही.”

“हवा किती ठेवतेस?”

“पस्तीस.”

त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला. मग पडवीत पोत्यात गुंडाळून ठेवलेला जुना शॉकअप बाहेर काढून हातात तोलला आणि परत ठेवून दिला.

“मिस्त्रींचे काही देणे राहिले आहे?”

“शंभर रुपये.”

“चल, देऊन येऊ,” असे म्हणून तो चपला घालू लागला.