चमचा कोणता, चहाचा की भाजीचा?

बारावीच्या उपयोजित मराठीत 'माहितीपत्रक' हा घटक आहे. दरवर्षी मी सहल किंवा रोपवाटिका असला विषय देते. या पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ होती, म्हणून म्हटलं, 'घरच्या घरी जलसंजीवनी' यावर करून आणा.

पत्रकं बघून थक्कच झाले. मजकूर चॅटजीपीटीचा, मांडणी कॅनव्हावरची. फिकट निळी पार्श्वभूमी, पांढरी अक्षरं, काचेच्या ग्लासावर लिंबाची चकती. शुद्धलेखनाची एक चूक नाही. एकाला तर मी पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले. त्यात लिहिलं होतं, 'पाण्यात योग्य प्रमाणात मीठ व साखर मिसळून द्रावणाचे नियमित सेवन करावे.' योग्य म्हणजे किती? तेव्हा मलाही हा प्रश्न पडला नाही, कबूल करते.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा नातू आजारी होता. (त्याला आरोग्य केंद्रातून पाकिटं मिळाली, आता बरा आहे.) त्यांना मी कौतुकानं दुसरं एक पत्रक दाखवलं. त्यात आकडे होते: १ लिटर पाणी, ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आकडे बरोबरच. मावशी म्हणाल्या, "बाई, चमचा कोणता, चहाचा का भाजीचा? आन् सपाट का शीग लावून?"

दुसऱ्या दिवशी पाणी, साखर, मीठ वर्गात नेलं. एका मुलीनं पत्रक वाचायचं, एकानं फक्त ऐकलेलं करायचं, पदरची अक्कल घालायची नाही. पठ्ठ्यानं मोठा चमचा उचलला, तोही शीग लावून. मुलं हसली. मग सांगितलं, मीठ जास्त झालं तर तान्ह्या बाळाच्या रक्तात सोडियम वाढतं, झटकेसुद्धा येऊ शकतात. वर्ग गप्प.

मोबाईल बंद करा असं मात्र म्हटलं नाही. उलट, पुन्हा विचारा म्हटलं, पण वाचणारी आजी आहे, घरात मोजमापाचं भांडं नाही, हे सगळं सांगून विचारा. या वेळी 'चहाचा सपाट चमचा' आणि '१ लिटरची पाण्याची बाटली' आलं. 'उरलेलं २४ तासांनी टाकून द्या' हेही आलं. एकीनं स्वतःहून भर घातली, 'दुकानातली पाकिटं लहान-मोठी असतात, पाणी किती ते पाकिटावर बघा.' सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करणारा हात मात्र मुलांनी पेननंच काढला, कारण यंत्रानं काढलेल्या चित्रांत दरवेळी ढीगच दिसायचा.

मग झेरॉक्स काढली, तर निळ्यावरची पांढरी अक्षरं गायब! पुन्हा सगळं पांढऱ्यावर काळं केलं. दिसायला पहिल्यापेक्षा साधंच झालं.

मावशींनी ते खिचडीच्या खोलीत लावलंय. पैकीच्या पैकीवाला मुलगा रोज विचारतो, "मॅडम, माझे गुण कापणार का?" अजून ठरवलेलं नाही. तपासताना मीच चुकले होते ना.