मेणवलीच्या घाटावर

वाईजवळ मेणवलीस नाना फडणविसांच्या वाड्यामागें कृष्णेचा घाट आहे. तेथील देवळांत सन १७३९ च्या वसईच्या मोहिमेंतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. गेल्या माघांत आम्ही गेलों, तेव्हां आमचें बाळ सहा महिन्यांचें होतें; सासूबाईंच्या मांडीवरून तें त्या घंटेकडे टकमक पाहत राहिलें.

यंदा पुन्हां गेलों. स्वारीनें माझें बोट सोडलें, पाठमोरी होऊन ओणवली आणि एकेक पायरी पायानें चांचपीत उतरूं लागली. खालीं पाणी! मी उचलायला धांवणार, तों सासूबाई म्हणाल्या, "उचलूं नकोस. दोन पायऱ्या खालीं जाऊन उभी राहा."

छाती धडधडत होती, तरी राहिलें. माझ्यापर्यंत पोंचतांच त्यानें वळून पाहिलें आणि खुदकन् हंसला. यापुढें माझी जागा बहुधा हीच.