केरळला राहायला जाण्याआधी

आलुवा, ऑगस्ट

चि. सुहास आणि चि. सौ. मीनल,

कोचीची नोकरी पक्की झाली, आता डिसेंबरात जाऊन घर बघू, असं तुमचं चाललं आहे. माझं आग्रहाचं म्हणणं आहे की हे राज्य पावसातच बघावं. नकाशा पुढे घ्या. अनमुडी शिखर 2,695 मीटर उंच आणि डोंगरापासून समुद्रापर्यंतची पट्टी सव्वाशे किलोमीटरच्या आतली. राज्यातल्या 44 नद्यांपैकी 41 याच पट्टीतून पश्चिमेला उतरतात. घाटात कोसळलेल्या पाण्याला पसरायला ना अंतर मिळतं, ना वेळ. इथे पेरियारच्या पात्रालगत मणप्पुरमचं महादेवाचं देऊळ आहे. शिवरात्रीला त्याच्या भोवतीच्या वाळूवर अफाट गर्दी लोटते. पावसाळ्यात नदी चढली की ते देऊळच पाण्याखाली जातं. हिवाळ्यात आलेल्या माणसाला फक्त ती कोरडी वाळू दिसते आणि काठावरचं घर त्याच्या मनात भरतं. 2018च्या ऑगस्टात वरच्या अंगाच्या चेरुतोणी धरणाची दारं 26 वर्षांनी उघडावी लागली. पेरियार इतकी फुगली की नेडुंबाशेरीचा, म्हणजे कोचीचा, विमानतळ दोन आठवडे बंद राहिला. 26 वर्षं म्हणजे एक पिढी घरं बांधून, विकून मोकळी होते. त्यामुळे ‘इथे कधी पाणी आलं नाही’ या दलालाच्या शब्दावर विसंबू नका. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते स्वतः बघा.

आलप्पुळा

‘आम्ही कोकणातले, पावसाचं आम्हाला काय नवल?’ असं सुहास म्हणणार. जांभा, माड, भातखाचरं, मासळी, सगळं ओळखीचं वाटतं हे खरं, आणि फसगत तिथेच होते. आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस आवरतो. इथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुसरा पाऊस येतो, तुलावर्षम, दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह. दुसरा फरक दाटीचा. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात चौरस किलोमीटरमागे 365 माणसं होती, केरळात 860. गाव कुठे संपलं आणि शहर कुठे लागलं ते रस्त्यावरून कळत नाही. अशा दाटीत एखादा सपाट तुकडा मोकळा आणि स्वस्त असेल, तर तो बहुधा सखल भातशेतीचा असतो. भातजमीन बुजवण्यावर 2008च्या कायद्याने निर्बंध आहेत. महसुली कागदावर ‘निलम्’ म्हणजे भातजमीन आणि ‘पुरयिडम्’ म्हणजे घराजोगी जागा. कागद वाचल्याशिवाय इसार देऊ नका. पाणी आणि जमीन यांचं इथलं नातं किती नाजूक आहे ते आलप्पुळाजवळच्या कुट्टनाडात दिसतं. तिथे शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बांधावर उभं राहिलं की एका हाताला कालव्यातली होडी आणि दुसऱ्या हाताला, तिच्या तळापेक्षाही खाली, भात. मधला मातीचा बांध आणि पाणी उपसणारं ‘पेट्टी-परा’ एवढ्यावर ते पीक तगतं.

‘शिकलेलं राज्य आहे, सरकार बघून घेईल,’ हा मीनलचा आक्षेप. सरकार जागं आहे, हे मलाही मान्य. पण 2018च्या पुरात हजारोंना बाहेर काढलं ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी, आपल्या होड्या ट्रकवर चढवून आणून. या राज्याची ताकद अशी माणसामाणसांत आहे, आणि तिचा आधार हवा तर शेजाऱ्याशी चार वाक्यं मल्याळममध्ये बोलता आली पाहिजेत. इंग्रजीवर ऑफिस निभेल, आळी निभणार नाही. मुलांची भाषा शाळेत होईल. तुमची तुम्हालाच करावी लागेल, आणि ती आतापासून.

शाळा जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणून मे महिन्यात घाईने घर ठरवण्याचा मोह होईल. तसं करू नका. या ऑक्टोबरात, तुलावर्षम सुरू असताना, दोघंही येऊन आठवडाभर राहा. मनात भरलेल्या प्रत्येक घरापर्यंत दुपारच्या पावसात चालत जा, आणि मगच बोलणी करा.

तुमची,
ताई