मोरेलोसाहेब, डेस्मंडचंही ऐकायला हवं

प्रिय जो मोरेलो यांस,


तुम्ही २०११ साली गेलात, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. पण 'टेक फाइव्ह'मधला तुमचा सोलो मोबाइलवर ऐकून ज्या पोरांनी काठ्या हातात घेतल्या, त्यांनी तरी वाचावं. जॅझ ड्रमर म्हणजे सोलो, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय.

हाच घोळ तुमच्या वेळीही झाला. १९५६ मध्ये तुम्ही डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीत आलात. शिकागोत पहिल्याच रात्री ब्रुबेकनं तुम्हाला मोकळं सोडलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि सॅक्सोफोनवाला पॉल डेस्मंड तडक स्टेजवरून निघून गेला. एक तर हा राहील, नाहीतर मी, इथवर गोष्ट गेली. ब्रुबेक बधला नाही, हे आपलं नशीब. पण मला विचाराल तर डेस्मंडचं फारसं चुकलं नव्हतं. त्याला ब्रशनं हळुवार साथ करणारा माणूस हवा होता, आणि ड्रमरची भाकरी त्यावरच आहे. उजव्या हातानं राइड सिंबल चालता ठेवायचा, डाव्या पायानं दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटायची, बेस ड्रम कानाला कमी आणि पोटाला जास्त लागेल इतकाच. रात्रभर हेच.

त्यासाठीचा तुमचा रियाज मात्र अचाट. जन्मापासून नजर अधू, आधी व्हायोलिन, मग ड्रम. बोस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचं 'स्टिक कंट्रोल' उघडलं की पहिल्या पानावर नुसतं उजवा-डावा, उजवा-डावा. प्रत्येक ओळ न थांबता २० वेळा. भलेभले इथेच कंटाळतात. तुम्ही त्याच ओळींत मनानेच आघात घालत गेलात, आणि त्यातून गुरूनं १९६१ मध्ये 'ॲक्सेंट्स अँड रिबाउंड्स' हे नवं पुस्तक काढलं. त्यातली मेख अशी की काठी आपटायची नाही, नुसती सोडायची. ती आपसूक उसळते. तेव्हा मनगटानं तिला अडवायचं नाही. न्यूयॉर्कच्या हिकरी हाउसमध्ये दोन सेटच्या मधल्या वेळात तुम्ही टेबलावर घडी केलेल्या नॅपकिनवर वाजवत बसायचात. सोसायटीवाले ओरडतात म्हणून रियाज होत नाही म्हणणाऱ्यांना नॅपकिन नक्की परवडेल.

आणि गंमत बघा, १९५९ मध्ये 'टेक फाइव्ह' बांधलं ते डेस्मंडनंच, आणि तेही तुमच्या सोलोला जागा म्हणून! पाच मात्रा, तीन-दोन अशी वाटणी. तबल्याच्या एकलवादनात लेहरा फिरत राहतो तसा ब्रुबेकचा पियानो तेच चक्र धरून बसतो. तुम्ही वर एक घाव घालता, थांबता, जागा रिकामी ठेवता, मग पुढचा. एवढे तयार हात असून घाई कुठेच नाही. डेस्मंडला हवा असलेला साथीदार त्या सोलोतही ऐकू येतो.

रचना डेस्मंडच्या नावावर, म्हणून रॉयल्टीही त्याची. १९७७ मध्ये तो गेल्यावर ती त्याच्या इच्छापत्राप्रमाणे अमेरिकन रेड क्रॉसकडे गेली. पैसा सत्कारणी लागला, वाद नाही. पण जवळपास निम्मी ध्वनिमुद्रिका ज्याच्या हातांवर उभी आहे, त्याचा रचनेत वाटा शून्य, हा हिशेब मला पटत नाही. तेवढं सोडलं तर डेस्मंडशी माझं भांडण नाही.

आपला,
एक श्रोता