बागेचं बजेट

मंडळी, इथे वाड्यांच्या, सणांच्या, मेळ्याच्या आठवणी वाचते आणि छान वाटतं. मी आज जरा रुक्ष विषय घेते आहे. एजी ऑफिसात चौतीस वर्षं आकडेच पाहिले, तेव्हा सांभाळून घ्या.

लष्करात वाढलेल्या आपल्या लोकांना बाग म्हटलं की फुलबागच आठवते. माधव महाराजांनी वसवलेली, 1922 साली प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते उद्घाटन झालेली. गोपाळ मंदिर, मशीद, गुरुद्वारा, थिऑसॉफिकल लॉज आणि प्राणिसंग्रहालय, सगळं तिथेच. आमच्या आजीचा क्रम ठरलेला होता: आधी गोपाळ मंदिर, मग वाघ, मग शेंगदाणे. परत येताना राणीच्या समाधीला हात जोडायचे. (शिंद्यांच्या गावात राणीविषयी काय बोलायचं, हा आमच्या घरातला वेगळाच विषय होता. तो परत कधीतरी.) आपल्या नगर निगमची परिषदही तिथेच जवळ, जलविहारात भरते. 66 वॉर्डांचे पार्षद बसून शहराचं बजेट पास करतात, ते बागेच्या शेजारीच.

आता आमच्या कॉलनीच्या बागेचं. बाग म्हणजे काय, पाच-सहा प्लॉटएवढा मोकळा तुकडा, दोन कडुनिंब आणि बाकी धूळ. ह्यांचं बायपास झालं आणि डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. रस्त्यावर चालायचं तर गायी, ई-रिक्षा आणि उघडी नाली. एकदा मागून मोटारसायकलचा धक्का लागून पडले, नशीब की हाडं शाबूत राहिली. त्या दिवसापासून मी बागेच्या मागे लागले.

आम्ही आठ-दहा घरांनी अर्ज दिला, पार्षदांकडे चकरा मारल्या, आणि खरंच एस्टिमेट आलं. नऊ लाख साठ हजार. पक्की भिंत, कमान असलेलं मोठं फाटक, पेव्हर ब्लॉकचा रस्ता, ओपन जिम, कारंजं, हिरवळ. सगळे खूश. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली. पाणी कुठे आहे? माळी कुठे आहे?

विचारलं तर उत्तर मिळालं, "मैडम, वो संधारण में आएगा."

"और संधारण में कितना है?"

समोरचा नुसता हसला.

ज्यांचा हिशेबाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. निर्माण आणि संधारण ही दोन वेगळी हेड. नवं बांधायला योजना येतात. 2015 ची अमृत योजना घ्या, पाणी आणि सांडपाणी हे तिचं मुख्य काम, पण त्यातला अडीच टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बागांसाठी होता. 2016 मध्ये आपलं शहर स्मार्ट सिटीत निवडलं गेलं. पार्षदांचा मौलिक निधी असतो तो वेगळा. पण माळ्याचा पगार, विजेचं बिल, फुटलेला पाइप, हे दर महिन्याचं रडगाणं कुठलीच योजना घेत नाही. ते शहराने स्वतःच्या कमाईतून, म्हणजे आपल्या संपत्तिकरातून भागवायचं. ग्वाल्हेरच काय, बहुतेक शहरांत हीच रीत. आणि त्यात आपला मे महिना! पारा पंचेचाळीसला टेकतो, तिघरा धरण उतरायला लागतं, नळ दिवसाआड येतो. अशात हिरवळीला पाणी कोण घालणार? मला विचाराल तर ग्वाल्हेरात हिरवळ लावणं म्हणजे उन्हात बर्फ वाळत घालणं.

आमच्या ओसरीवर बैठक झाली. पोहे केले होते. मी कागदावर साधा हिशेब मांडला. चाळीस घरं, घरटी महिना दोनशे, म्हणजे आठ हजार. वर्षाचे शहाण्णव हजार. दहा वर्षांचे किती? नऊ लाख साठ हजार! ज्या पैशात ते फाटक आणि कारंजं होणार, त्यात दहा वर्षं माळी राहिला असता. क्षणभर कुणी बोललं नाही. मग शेजारचे काका म्हणाले, "वहिनी, माळी सोडा, फाटकाला कुलूप पाहिजे. ती बस्तीतली पोरं क्रिकेट खेळून धुडगूस घालतात." मी म्हटलं, ती पोरं गेली तर संध्याकाळी सहानंतर तिथे पत्ते कुटणारे आणि पिणारे बसतील, मग तुम्हीच फिरकणार नाही. त्यावरून बरंच वाजलं. काका पोहे तसेच ठेवून उठले.

इकडे निरोप आला की पैसा एका हेडमधून दुसऱ्यात जाणार नाही, आणि 31 मार्चच्या आत काम मंजूर झालं नाही तर तो हातचा जाईल. आता ऑफिसात एक गोष्ट शिकले होते: हेडशी भांडू नये, हेडच्या आतली आयटम बदलावी. पाण्याची टाकी हे निर्माणच की! पाइपलाइन निर्माण, झाडांचे कठडे निर्माण, मुरमाचा रस्ताही निर्माण. मुरूम पेव्हरपेक्षा स्वस्त, गुडघ्यांना बरा आणि पावसाचं पाणी मुरतं. मी कारंजं, हिरवळ आणि पेव्हर खोडून ही यादी लिहिली, खाली बावीस सह्या घेतल्या. पार्षद भला माणूस, म्हणाला, "आंटीजी, फाटक तो रहने दो, पत्थर कहाँ लगाएँगे?" नावाचा दगड लावायला जागा हवी, तेही खरंच. फाटक राहिलं. बदल्यात बस्तीच्या बाजूला एक लहान वाट मागून घेतली, विनाकुलुपाची.

या गोष्टीला तीन उन्हाळे झाले. करंज आणि कडुनिंब माणसाच्या डोक्यावर गेलेत. हे रोज सहा फेऱ्या मारतात, सातवीला थांबतात आणि पोरांना बॅटिंग शिकवतात. चाळीसपैकी एकतीस घरं पैसे देतात, म्हणजे सहा हजार दोनशे, त्यामुळे माळी अर्धाच दिवस येतो. काकांचं घर त्या एकतीसात नाही. त्यांची नात मात्र रोज त्या लहान वाटेनेच आत येते, कारण फाटकाकडून लांब पडतं.

टाकीचा व्हॉल्व्ह गेल्या महिन्यापासून गळतोय. तो कुठल्या हेडमध्ये बसेल, याचा कागद तयार करते आहे.