परक्या भाषेतील हेलन

'हाय नून' (१९५२) या चित्रपटाचे नाव निघाले की गॅरी कूपरचा एकाकी मार्शल आठवतो, भिंतीवरचे घड्याळ आठवते, बाराच्या गाडीची वाट पाहणारे भेदरलेले हॅडलीव्हिल गाव आठवते. त्या गावातील हेलन रामिरेझ ही मेक्सिकन स्त्री मात्र सावकाश, पण अधिक खोलवर मनात उतरते. ती भूमिका केटी हुरादो हिची.

ग्वादलाहारा येथे १९२४ साली जन्मलेली केटी हॉलिवूडला आली तेव्हा नवखी नव्हती. १९४३ पासून ती मेक्सिकन चित्रपटांत कामे करीत होती; चरितार्थासाठी वृषभयुद्धांवर समीक्षाही लिहीत होती. अडसर होता तो भाषेचा. 'बुलफायटर अँड द लेडी' (१९५१) या चित्रपटातील इंग्रजी संवाद तिने केवळ उच्चारांवरून पाठ केले होते; अर्थ न उमगता बटूने मंत्र मुखोद्गत करावेत, तसे. हेलनची भूमिका अशा पाठांतराने पेलणारी नव्हती. तिला दुकानातील आपला वाटा विकायचा होता, उथळ प्रियकराला झिडकारायचे होते, पूर्वीच्या प्रियकराच्या नवपरिणीत पत्नीला चार शब्द सुनवायचे होते. केटीने कसून इंग्रजीचे धडे घेतले.

कष्टाने मिळवलेली भाषा माणूस उधळीत नाही. केटीचा प्रत्येक शब्द तोलून येतो, आणि हा तोलच हेलनचा स्वभाव होऊन जातो. ग्रेस केलीची शुभ्रवसना एमी तिच्या खोलीवर येते, तेव्हा हेलन आवाज चढवीत नाही. हा पुरुष आपला असता तर आपण बंदूक हाती घेऊन त्याच्या बाजूने लढलो असतो, एवढेच ती सांगते. मार्शलचा निरोप घेताना दोघे क्षणभर स्पॅनिशमध्ये बोलतात. तेथे केटीचा स्वर एकाएकी मोकळा होतो, आणि एरवी ही स्त्री किती आवरून बोलत होती, हे तेव्हा कळते.

हॉलिवूडच्या पडद्यावर मेक्सिकन स्त्री बहुधा मोहिनी तरी असे, नाहीतर मोलकरीण. हेलनला मात्र गाव 'मिसेस रामिरेझ' म्हणते. तिच्या पैशावर व्यवहार करते आणि तिला आपलीही मानीत नाही. ही दुहेरी वागणूक केटीने कोठेही करुणेची याचना न करता दाखविली. या भूमिकेसाठी तिला गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला; तो मिळविणारी ती पहिली लॅटिन अमेरिकन अभिनेत्री. पुढे 'ब्रोकन लान्स' (१९५४) साठी ऑस्करचे नामांकनही आले. तरीही मायदेशातील चित्रपटांशी तिने नाते तोडले नाही. २००२ साली मेक्सिकोतच तिचे निधन झाले.

चित्रपटाच्या अखेरीस बंदुकीचा आवाज ऐकून एमी गाडीतून उतरून गावाकडे धावते; हेलन त्याच गाडीने निघून जाते. तिचे जाणे पळपुटेपणाचे वाटत नाही. ज्या गावाने आपल्या रक्षकाचीही पाठराखण केली नाही, त्याचे आपण काही देणे लागत नाही, हे तिने ओळखलेले असते.